परबाचे तीन फूट

शनि. ११ जाने.
मरोळच्या ऑफिसने नकाशाचं सॉफ्टवेअर शिकायला पाठवलंय. जीआयएस. दर शनिवारी, जोगेश्वरीत. डिलिव्हरीचे एरिया आखायचे म्हणे. बाकीचे कुरकुरले, मी आधी हात वर केला. डिलिव्हरी गेली खड्ड्यात. मला आमची चारकोपची सोसायटी आखायचीय, मधल्या चौकासकट. सेक्रेटरी परब त्या चौकात किती घुसलाय ते कागदावर हवंय.
यापुढे नुसतं प. त्याच्या नावावर शाई घालवणार नाही.
पहिल्याच दिवशी अक्षांश-रेखांश उलटे टाकले. चारकोप थेट नॉर्वेच्या वर, समुद्रात. प्रज्ञा मॅडम (शिकवणारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान) म्हणाली, "होतं सगळ्यांचं." प.ला तिथेच ठेवून यावंसं वाटलं.

सोम. १३
आई आजपण समोर नलूमावशीच्या ओट्यावर. दिवाळीनंतर सोसायटीने आमचा ओटा फोडला तेव्हापासून हेच. कॉमन जागेत होता, दीड फूट, मान्य. पण ठराव कोणी मांडला? प.ने. ज्याची स्वतःची पुढची खोली चौकात आलीये. चोराच्या उलट्या बोंबा. घण चालू होता तेव्हा हा खुर्ची टाकून चहा पीत होता. आई दारात उभी, गुडघे धरून. मीटिंगमध्ये आमच्या बाजूने हात वर झाला तो फक्त नलूमावशीचा.
जिरवीन त्याची. लिहून ठेवते.

शनि. १८
सोसायटीचा मूळ ले-आउट स्कॅन करून नेला. तो उपग्रहाच्या फोटोवर बसवायचा, म्हणजे दोन्हीकडचे सारखे कोपरे जुळवायचे. फोटोत सगळ्यात ठळक कोपरा प.च्या निळ्या पत्र्याचा. तोच धरला. नकाशा बसला आणि बघते तर काय. प. तंतोतंत जागेवर. बाकी सगळी सोसायटी तीन फूट वाकडी, आमच्या भिंतीसकट.
मॅडमने बघितलं. "ताई, ज्याच्यावर संशय, त्याचाच कोपरा तुम्ही खरा धरलात?"
अख्खा वर्ग हसला. मीपण हसले, आतून जळत.
वर म्हणाली, फोटो स्वतःच थोडा सरकलेला असतो, तीन फुटांसाठी त्याच्यावर विसंबू नका. न हलणारं काहीतरी शोधा. हद्दीचे दगड. तिथून टेपने मोजा.

रवि. १९
दगड सापडले. एक मागच्या गल्लीत, एक पाण्याच्या टाकीमागे कचऱ्याखाली. सकाळी साडेसातला मी आणि आई टेप घेऊन. प. गावाला गेलाय, बरं झालं. आई टेपचं टोक धरून अशी उभी राहिली की गुडघे कोणाचे दुखतात विसरायला व्हावं. तासभर. सगळी घरं मोजली.
म्हटलं, "आई, बस जरा."
"माझो ओटो फोडल्यान ना, आता तेचो फुटाक व्हयो." बसली नाही.
किती दिवसांनी तिला असं बघितलं.

शनि. २५
बसला. दगडाला दगड.
प. तीन फूट दोन इंच बाहेर. प्रत्येक घराचा एक पॉलिगॉन, म्हणजे बंद चौकट. चौकातलं जास्तीचं लाल केलं. प. लालभडक. झकास. पाच मिनिटं नुसती बघत बसले.
मग दुसरं लाल दिसलं. नलूमावशी. एक फूट आठ इंच. तिचा ओटा. ज्यावर आई बसते तोच.
बाकी सगळे आत.
तो पॉलिगॉन निवडला. डिलीटवर बोट होतं. मॅडम मागे उभी.
"काढलात तर प. टेप घेऊन पहिला येईल. एक रेघ खोटी निघाली की सगळा नकाशा खोटा."
फक्त प.चं घर दाखवता येणार नाही का? ते कालच पालिकेत, अर्जाच्या खिडकीवर विचारलंय. खिडकीवरची बाई म्हणाली, एकाच घराचा दिलात तर वैयक्तिक भांडण म्हणून परत येणार. सगळी सोसायटी दाखवा.

रवि. २६
चौकात झेंडावंदन. प. भाषणात म्हणाला, नियम सर्वांना सारखे. टाळ्या. मीपण वाजवल्या, त्याच्याकडे बघत.
दुपारी आईला नकाशा दाखवला. तिने नलूमावशीच्या लालवर बोट ठेवलं. "ह्या काय?"
सांगितलं.
"नलूचा काढ थयसून."
"काढता येत नाही गं."
"मगे देव नको." म्हणजे अर्जच देऊ नको.
मी म्हटलं, तुझ्या ओट्यासाठीच करतेय ना सगळं. खोटं बोलले मी. ओट्यासाठी नाही. त्या चहाच्या कपासाठी.

सोम. २७
अर्ज दिला. हाफ डे टाकून. नकाशा, मापं, दोन प्रती. शिक्का बसला तेव्हा छातीत गार वाटलं, लाज वाटायच्या आधी. सुक्याबरोबर ओलं जळतं, मी काय करू.
शुक्रवारी माणूस येणार मोजायला. बाई म्हणाली, त्याच्या आत मागे घ्यायचा तर घेता येतो.

बुध. २९
आई दोन दिवस समोर गेली नाही. पलंगावर बसून असते. विचारलं तर, "माका थय बसाक सांगू नको."
संध्याकाळी नलूमावशी आली, पेजेचा टोप घेऊन. तिला वाटतंय आई आजारी आहे. आईने भिंतीकडे तोंड केलं. मावशी दारातच मला हळूच म्हणाली, "ऐकलं मी, तू अर्ज दिलास. बरं केलंस गो. आता बघ परबाची कशी जिरते." माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी आहे तुझ्याबरोबर. मोजायला येतील तेव्हा मीच उभी राहीन पुढे."
मी हो म्हटलं. टोप घेतला.
उद्या खिडकी साडेपाचपर्यंत उघडी.