पुसायची राहिलेली काच

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू कसा आहेस ते आम्हाला ठाऊक नाही, कारण तू पत्राला उत्तरच देत नाहीस. असो. सकाळी सकाळी भांडत नाही.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. 'माझ्या भावाच्याच हातात द्या, दाराखालून सरकवू नका,' असं त्यांना बजावलंय. तसं कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी गावच्या बातम्या. शिंपीकाकांच्या मुलीला जुळं झालं. काका दोन्ही नातवंडांची मापं घेऊन आले. शाळेच्या बाईंची बदली रद्द झाली, पोरं हिरमुसली. आपल्या सिनेमाच्या हॉलचा उडालेला पत्रा बसला एकदाचा, पण त्याखालच्या खुर्च्या अजून ओलसर वास मारतात. या शनिवारचा सिनेमा इतका रडका होता की मध्यंतरापर्यंत नायिका आजारी पडून बरी होऊन पुन्हा आजारी पडली. बायका जाम खूश.

सिनेमाआधीच्या बातम्या मात्र तू होतास तशाच. मी शाईने काचांवर लिहिते, बाबा त्या यंत्रात सरकवून पडद्यावर दाखवतात, खेळ संपला की मी ओल्या फडक्याने पुसून ठेवते. जन्म, मृत्यू, हरवलेली शेळी, परगावाहून आलेला पाहुणा. शिंपीकाकांच्या जावयाचं नाव एकदा राहिलं तर तो रुसून सासऱ्याकडे जेवला नव्हता, आठवतं? 'पडद्यावर आलं म्हणजे खरं' असं गाव म्हणतं, आणि ते खरंच राहावं म्हणून बाबांनी जन्मभर जिवाचा आटापिटा केलाय. कुणी गेल्याची बातमी आली तर आधी स्वतः त्या घरी जाऊन यायचे. लोक हसायचे, म्हणायचे, यंत्रवाल्याने पाहिल्याशिवाय इथे मरायचीही सोय नाही.

तर, परवा एक गंमत झाली. गंमत आपली म्हणायची म्हणून.

मी काच लिहून दिली होती, 'उद्या नळाला पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा.' दिवे गेले आणि पडद्यावर आलं, 'यंत्रवाल्यांचा धाकटा मुलगा घरी आला आहे. गावातर्फे स्वागत.'

माझं अक्षर नव्हतं. बाबांचं होतं.

अख्खा हॉल मागे वळून दाराकडे बघायला लागला. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "कुठाय तो? पुढे आणा की त्याला!" हॉलचे अध्यक्ष, तेच आपले खुर्चीवाले, पहिल्या रांगेतून म्हणाले, "अगं, आलाय तर लपवून काय ठेवलंस?" आणि मी, जिला साधी थाप मारता येत नाही म्हणून तू चिडवायचास, ती मी उभी राहून म्हणाले, "प्रवासाने दमलाय. घरी झोपलाय."

चुकीची काच लागली, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग कशी लागली, हा प्रश्न आला असता. त्याचंच उत्तर मी कधीपासून गिळून बसलेय. बाबांनी शपथ घातली होती, त्याला कळवलंस तर माझ्याशी बोलू नकोस म्हणून. नाही बोलले तर नाही बोलले. बाबांना दिसत नाही रे.

अगदीच नाही असं नाही. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं सगळं गेलंय. अंधारात तर काहीच नाही, आणि त्यांचं काम सगळं अंधारात. यंत्र ते हाताने ओळखतात. चित्र धूसर झालं की मी मागच्या रांगेतून भिंतीवर टकटक करते, ते भिंग फिरवतात, नीट झालं की मी पुन्हा टकटक करते. लोकांना वाटतं मला ढेकूण चावतात. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वाचवायचं तर ऑपरेशन लगेच करा. बाबांचं एकच पालुपद, "शनिवार कोण करेल?"

खेळ संपल्यावर मी वर यंत्राच्या केबिनमध्ये गेले. बाबांनी विचारलं, "पाणी बंद म्हटल्यावर टाळ्या कसल्या गं?" त्यांनी फळी चाचपली, पाण्याची काच हाताला लागली, आणि ते स्टुलावर बसले. "मग कुठली लागली?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "ती वेगळी ठेवली होती. तो येईल तेव्हा लावायला."

काच मी उजेडात धरून पाहिली. शाई पिवळी पडलीय, पण ओळ एकदम सरळ आहे. हल्ली त्यांची सही कागदाबाहेर जाते. म्हणजे ही त्यांनी डोळे धड असताना लिहिलीय, तू भांडून गेलास तेव्हाच केव्हातरी. "अंधारात बसून दुसऱ्यांच्या गोष्टी दाखवत मला जन्म काढायचा नाही," असं तू म्हणालास, ते "चालता हो" म्हणाले, आणि वर जाऊन तुझ्या स्वागताची काच लिहिली. काय म्हणावं या माणसाला! मला राग आला आणि रडूही आलं.

आता पुढचं ऐक. पाण्याची बातमी राहिल्यामुळे काल सगळं गाव कोरडं. जो तो घागर घेऊन बोंबलत दारात, आणि आलाच आहे तर तुला भेटायला आत. शिंपीकाका टेप घेऊन आले. मी एकाला सांगितलं झोपलाय, दुसऱ्याला फिरायला गेलाय, बाईंना सांगितलं अंघोळीला बसलाय. तर त्या म्हणाल्या, "पाणी कुठून आणलं?" जेवताना तुझं ताट दारातून दिसेल असं वाढून ठेवलं. बाबा त्याच्यासमोर बसून जेवले.

संध्याकाळी खुर्चीवाले सांगून गेले, पाण्याची काच का लागली नाही ते बघायला येत्या शनिवारी ते वर बाबांच्या शेजारी बसणार. म्हणजे संपलंच. केबिनची किल्ली काढून घेतील. मला किल्लीची भीती नाही. पण बाबा म्हणतात, "किल्ली गेली तर डोळे ठेवून काय करू?" आणि ते हट्टाने तसंच करतील, तुला माहितीय. उरलेली नजरही घालवून बसतील.

यंत्र तुला येतं. तू शनिवार केलास तर मी त्यांना दवाखान्यात नेईन. तू सांभाळतोयस म्हटल्यावर ते येतील, दुसऱ्या कुणाचं नाव काढलं तर नाही. जन्मभर राहा म्हणत नाही. त्यांचं ऑपरेशन होईपर्यंत राहा. माफी मागायचीही गरज नाही, ते मागणार नाहीत आणि तू मागितलेली त्यांना झेपायची नाही.

काल ते म्हणाले, "ती काच पुसून टाक. खोटी बातमी आहे."

मी फडकं ओलं केलं. पिळलं. आणि तसंच दोरीवर वाळत टाकलं.

तुझ्या नावाने गावभर खोटं बोलत फिरणारी,
शनिवारपर्यंतच तग धरू शकेल अशी,
ताई