बसवकृपा बेटावरची डासमोहीम

४ ऑगस्ट, सोमवार
ऋतुजाचा कुर्डुवाडीहून फोन. सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी, हे लग्नातच ठरलेले. तर आता म्हणते, "आई, तुझ्याकडे डास फार आहेत गं. बघू." बघू म्हणजे काय? गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत डेंगीचे दोन पेशंट निघाले होते. ते जावयाच्या कानावर गेले असणार. असो, मुद्दा रास्त आहे. पोरगी यायच्या आत डास घालवायचे. हे गेल्यापासून घरात मी एकटी, वेळ भरपूर. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होते. शिवाय अनेक वर्षे शाळा चालवली आहे. डास म्हणजे काय, पंख असलेली सहावी ब.

५ ऑगस्ट, मंगळवार
मोबाईलवर लेख वाचला. कुठल्याशा समुद्रातल्या बेटावर आधी डासांची पाहणी केली, मग नियंत्रण. बेटाचा फायदा असा की बाहेरून डास येत नाहीत. विचार केला. बसवकृपा कॉलनीच्या दोन बाजूंना नाला, तिसरीकडे रेल्वेचे रूळ, चौथीकडे हायवे. शास्त्रीय दृष्ट्या हे बेटच.
कोपऱ्यावर कासीमभाईंचे टायरचे दुकान आहे. त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "बाई, डास नाल्यावरनं उडून येत न्हाईत व्हय?" वाचन कमी, दुसरे काय.

७ ऑगस्ट, गुरुवार
घरोघर पाहणी. बॅटरी घेऊन गेले. नळाला पाणी पाचव्या दिवशी येते, त्यामुळे प्रत्येक घरात बॅरल, हौद, कळशा, बादल्या. झाकण एकावरही नाही. शेजारच्या काशम्माच्या बॅरलमध्ये अळ्याच अळ्या. दाखवल्या. तिने वाकून कौतुकाने पाहिले आणि म्हणाली, "लहान हायेत की अजून. चावत न्हाईत."
कासीमभाईंच्या टायरांत पावसाचे पाणी. उचला म्हटले. म्हणाले, "टायर माझे, कबूल. मच्छर तो सबके हैं ना?"
माझ्या घराची पाहणी केली नाही. गरज नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
काळ्या प्लॅस्टिकच्या वाडग्यांत पाणी घालून कॉलनीभर ठेवले. डास काळा रंग बघून त्यात अंडी घालतात, आपण मोजायची आणि ओतून द्यायची. याला सर्वेक्षण म्हणतात. काशम्माने विचारले, कुत्र्यासाठी का? हो म्हटले. प्रत्येकाला विज्ञान सांगत बसले तर बाळ पहिलीत जाईल.

१४ ऑगस्ट, गुरुवार
आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. हे अळ्या खातात. काशम्मा बॅरलसमोर हात पसरून उभी राहिली. "माशाचं पाणी देवाला कसं घालू, टीचर?" म्हटले, देवाला शंख चालतो, तो कुठून येतो? मुद्दा बिनतोड होता. पण बाजूलाही झाली नाही. मासे माझ्या हौदात सोडले.

१६ ऑगस्ट, शनिवार
मोहीम समाधानकारक. ऋतुजाला तसे कळवले. सोबत तिचे इथले वेळापत्रक पाठवले. पहाटे उठणे, मेथीचे पाणी, गच्चीवर फेऱ्या, दुपारी झोप नाही, मोबाईल दिवसातून एकदा, भेटायला येणाऱ्यांनी आधी माझी परवानगी घेणे. बाळाचेही वेगळे केले आहे.
तिचे लगेच उत्तर आले. "डास गेले का पण पूर्ण?"
बघा, पोरीला माझ्यासारखीच शास्त्रीय दृष्टी आहे.

१७ ऑगस्ट, रविवार
डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अळीला पाणी लागते. पाणीच नसेल तर? पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कॉलनीने सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, रात्रभर पालथी ठेवायची. सकाळी नळाला ताजे पाणी. डासाची एक पिढी खलास. इतके सोपे कुणाला कसे सुचले नाही?
देवळात मीटिंग घेतली. काशम्मा म्हणाली, "असलेलं पाणी सांडायचं? सोलापुरात?" सगळे हसले. मग ऋतुजाचे सांगितले. पहिलटकरीण आहे, माहेरी यायचे आहे, डासांनी अडून बसली आहे. काशम्मानेच आधी हात वर केला. म्हणाली, "पोरीसाठी करू या की."

२१ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी
अभूतपूर्व. बॅरल आडवे, कळशा पालथ्या, सगळी गल्ली घासण्याच्या आवाजाने दणाणली. जातीने फिरून तपासले. माझाही हौद उपसला, तत्त्व म्हणजे तत्त्व. गप्पी मासे नाल्यात. कासीमभाई "केलं, केलं" म्हणाले. ऋतुजाला फोटो पाठवले. उद्या सकाळी पाणी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पाणी आले नाही. मोठी पाइपलाइन कुठेतरी फुटली म्हणे. योजना अचूक होती. पाणी चुकले.

२३ ऑगस्ट, शनिवार
पाणी नाही. मी दिसले की लोक बोलायचे थांबतात. आदर वाढला आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
आदर नसावा. काशम्माने माझ्या दारात रिकामी कळशी आणून ठेवली आणि निघून गेली. टँकर आला तो पुढच्या कॉलनीलाच संपला.
कासीमभाईंनी आदेश मोडला होता. टाकी भरलेलीच ठेवली होती. अशा माणसांमुळेच देश मागे राहतो. त्यांच्याकडून दोन घागरी घेतल्या. "बाई, बघून घ्या हां," म्हणाले. अळ्या होत्या. गाळून चहा केला.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती आले, पाणीही आले. लोकांना भरण्याचे वेड लागल्यासारखे झाले आहे. बॅरल, हौद भरलेच, कूलरच्या टाक्या भरल्या, मंडळाची महाप्रसादाची पातेलीसुद्धा भरून ठेवली. माझे काळे वाडगे सापडत नव्हते. एक काशम्माच्या न्हाणीत दिसला, काठोकाठ भरलेला. विचारले तर म्हणाली, "आता मेले तरी पाणी ओतणार न्हाई, टीचर."

४ सप्टेंबर, गुरुवार
डास दुप्पट. तरी मोजणी थांबवलेली नाही. व्हरांड्यात पाय उघडा ठेवून बसते, बसला की टिपून घेते. काशम्मा जाताना म्हणाली, "त्येंना जेवायला घालताव का?" आकडा वहीत लिहिला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
जावई अभिमन्यूचा फोन. फार नम्र मुलगा. म्हणाला, ऋतुजा बाळंतपणाला इथेच राहते म्हणते, आईने सगळी तयारी केली आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वाईट कशाला वाटेल? डास आहेत, त्याला कोण काय करणार. रागच आला तर तो पाइपलाइनचा. पण तिकडच्या व्यवस्थेची पाहणी व्हायलाच हवी. सोमवारच्या गाडीने निघते.

८ सप्टेंबर, सोमवार. कुर्डुवाडी
पाहणी पूर्ण. अंगणात उघडे बॅरल, मागे तुंबलेले गटार, गोठ्यापाशी डबके. दार उघडले आणि डास तोंडावर आले. सोलापूर यापुढे काहीच नाही.
विहीणबाई, म्हणजे शिवबाई, म्हणाल्या, "लई हायेत की डास. मच्छरदाणी हाय, सांजच्याला धुरी हाय. त्येंचं त्येंच्याजवळ, आपलं आपल्याजवळ. तुमी बसा की, उभ्या का?"
ऋतुजा भर दुपारी झोपून उठली होती. पलंगावर मांडी घालून शेंगा खात होती, एका हातात मोबाईल. विहीणबाईंनी काहीतरी म्हटले आणि ती अशी हसली की पोटाला हात लावावा लागला. ती अशी हसते, हे मी विसरले होते.
डास चावतात का गं, विचारले. "चावतात की," म्हणाली, आणि शेंग फोडली.
मग फोनवर डासांचे का सांगत होतीस, असे विचारणार होते. वाक्य तयार होते. विचारले नाही.
मी परतीच्या गाडीची वेळ बघत होते तर म्हणाली, "आई, राहा की चार दिवस. फक्त इथं कुणाला काही सांगायचं नाही हं. मलासुद्धा." बरे म्हटले.
संध्याकाळी तिने पाय माझ्या मांडीवर टाकले. सूज आहे. तेल लावून चोळत बसले. तेवढ्या वेळात डास माझ्या घोट्याला चावत होते. हात मोकळा नव्हता, आणि बोलायचे नाही असे ठरले आहे.