खुर्चीशेजारचा दिवा

रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे तुझा? भावोजींना सांग, अक्कलदाढ काढायची तर माझ्याकडेच या, दुसऱ्या कुणाच्या हाती तोंड देऊ नका.

मी घरासाठी दिवे घेतले. "आता हा काय दिवे लावणार!" असं तू म्हणणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो.

वेगळं झाल्यावर घेतलेल्या या घरात मी छताला पांढरे झगझगीत दिवे बसवले होते. दातांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार? मागच्या शनिवारी भिंगरी आली, सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "बाबा, इथे बसलं ना, की आ करावंसं वाटतं." फोनवर तुला तेवढंच सांगून हसवलं. लेक मजेत राहिली, असंही म्हणालो.

राहिली नाही गं. जेवायच्या आधीच तिला आईकडे जायचं होतं. दाराशी ठेवलेल्या बॅगेची चेनसुद्धा तिने उघडली नव्हती. मीच सोडून आलो. कोर्टाने शनिवार दिला, पण पोरीलाच नको असेल तर तो घेऊन मी काय करू?

म्हणून दिव्यांचं दुकान गाठलं. प्रत्येक दिव्याखाली हात धरून मी नखांचा रंग खरा दिसतो का ते बघत होतो. दुकानाच्या बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते राहू द्या. घरात तुम्ही बसता कुठे?"

ताई, मी कुठे बसतच नाही. ओट्याशी उभ्यानेच जेवतो आणि जाऊन झोपतो. दुकानात भरल्या डोळ्यांनी उभा राहिलो, शोभतं का या वयात?

"आधी खुर्ची घ्या," बाई म्हणाल्या, "मग या."

घेतली. चांगली ऐसपैस. मग तिच्या शेजारी कापडी शेडचा, पिवळसर उजेडाचा उभा दिवा आणला आणि फडताळावर एक काचेचा, लोट्याएवढा. उभा दिवा मात्र सवयीने पेशंटच्या तोंडावर असतो तसा पुढे वाकवून ठेवला.

काल भिंगरी आली. आल्या आल्या कपाळाला हात. "तोंडावर नाही बाबा, मागे!" स्वतःच दिवा मागे ओढला, छतावरचे सगळे बंद केले, गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्या शेजारी खुर्चीत चढली. "सरक ना." मी सरकलो. दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दर पानाला बघत होतो. थोड्या वेळाने ती उठली, बॅग ओढत आणली आणि सर्रकन चेन उघडली. मी स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. फार फार हलकं वाटलं गं.

आज निघताना मी तिला दातांच्या ब्रशची आठवण करून दिली. "राहू दे इथेच," ती म्हणाली, "दर शनिवारी कोण आणत बसेल?"

केस पार पिंजारलेत त्या ब्रशचे. दुसऱ्या कुणाचा असता, तर मी आधी फेकायला लावला असता. याला मी हातही लावलेला नाही.

काल खुर्चीत बसून जेवलेला,
तुझा धाकटा