बाराच्या घंटेचा गोल

आदरणीय फादर ॲन्सेल्ममामा यांस, तुमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आलोशियस याचा वसईहून जय ख्रिस्त.

गुडघा कसा आहे? नाशिकच्या तुमच्या निवृत्त धर्मगुरूंच्या घरात जेवण अळणी मिळतं असं मागे कळवलं होतंत, म्हणून सोबत वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवली आहेत (साखर वाढली तर डॉक्टरांना माझं नाव सांगू नका, ते आधीच पुरेसं गाजलं आहे). आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढून टाकल्यामुळे माझ्याबद्दल तिथे काय चाललंय ते मला कळत नाही. पण बायको अजून त्यात आहे, ते वाचताना सालोमीचा चेहरा दिसतो, तेवढ्यावर भागतं.

झालं असं की मी रेफरी झालो. मुलांच्या फुटबॉलचा, रीतसर परीक्षा देऊन, सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रासह. अठ्ठावन्नाव्या वर्षी ही अवदसा का आठवली म्हणाल, तर मामा, तेहतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी लोकांना रांगेत उभं राहायला सांगितलं आणि एकही माणूस उभा राहिला नाही. निवृत्तीनंतर घरात माझ्याकडे एकच खातं आलं, कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं, आणि त्यातही चुका निघायच्या. अशात विरारला रेफरींचा वर्ग सुरू होणार असल्याचं समजलं. एक माणूस शिट्टी फुंकतो आणि अख्खं मैदान जागच्या जागी थांबतं, ह्या कल्पनेनेच मला भरून आलं. सहा रविवार बोळिंजच्या पुढे, तो वर्ग भरायचा त्या मैदानावर जात होतो (चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला जाऊन, हे नोंदवून ठेवा). बाकीचे उमेदवार एकोणीस-वीस वर्षांचे. ते मला अंकल म्हणायचे आणि धावण्याच्या चाचणीआधी माझी पिशवी धरायचे. त्या चाचणीत मी दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा शेवटच्या फेरीला आमचे शिक्षक रमेश सर फोनवर बोलत होते, म्हणून पास झालो. ऑफसाइड सालोमीने मला जेवणाच्या टेबलावर सुके बोंबील मांडून शिकवला. मांजराने शेवटचा बचावपटू पळवला तेव्हा कुठे तो नियम माझ्या डोक्यात शिरला. प्रमाणपत्र मी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलं होतं, ते तिने फ्रिजच्या वर हलवलं.

आता त्या सामन्याचं. मे महिन्यात आपल्या चर्चच्या मैदानावर बारा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा असते. अंतिम फेरीत आपलं गाव आणि नालासोपाऱ्याची एक अकादमी. ठरलेला रेफरी आलाच नाही, म्हणून आपला कोच केनी (माझा चुलत पुतण्या, त्याला सायकल शिकवताना माझं मनगट मोडलं होतं) मला घ्यायला घरी आला. आपल्या गोलात माझा नातू जॅक्सन, म्हणजे माझ्या लेकीचा, शर्लीचा मुलगा, उभा होता. हे कळताच नालासोपाऱ्याचा कोच माझ्या तोंडावर म्हणाला, "घर का रेफरी, घर का गोलकीपर. ट्रॉफी भी घर ही भेज दो." सामना साडेदहाला सुरू व्हायचा, पण पाहुण्यांची भाषणं लांबली (चौघांनीही खेळाचं महत्त्व सांगितलं, त्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला). शून्य-शून्य अशा स्थितीत दुपारचे बारा वाजले आणि चर्चची घंटा झाली.

बाराची घंटा झाली की आपल्या गावात माणूस असेल तिथे थांबतो आणि हात जोडतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. आपली सगळी पोरं थांबली. लाइनवरच्या एरॉलने झेंडा काखेत मारून क्रूसाची खूण केली. प्रेक्षक उभे राहिले. जॅक्सन तर डोळे मिटून उभा, कारण ही सवय त्याला मीच लावली आहे, काही झालं तरी घंटा चुकवायची नाही म्हणून. नालासोपाऱ्याच्या वेदांत नावाच्या पोराच्या पायात चेंडू होता. त्याला यातलं काय ठाऊक? तो भांबावून माझ्याकडे बघत बघत पुढे गेला आणि चेंडू गोलात ढकलून मोकळा झाला. रेफरीची शिट्टी वाजेपर्यंत खेळ चालू असतो. मी शिट्टी वाजवली ती गोलाची. मला घंटा ऐकूच आली नव्हती, एवढा गोंगाट आणि एवढं ऊन. हे मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाही तेच सांगतो.

आपण एक-शून्यने हरलो. नालासोपाऱ्याच्या त्याच कोचने मला मिठी मारून सेल्फी काढला, आणि त्या फोटोने माझा कायमचा निकाल लावला. केनी समोरून येताना दिसला की गल्ली बदलतो. ज्यांच्या पोरांचे फॉर्म मी बँकेत वर्षानुवर्षं फुकट भरून दिले, ती माणसं आता मला गावबुडव्या म्हणतात. रविवारी मिस्सेत शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की माझ्या बाकावर माझ्याशी हात मिळवायला सालोमी सोडून कुणी नसतं, आणि तीही मागच्या रविवारी घाईत होती. मला राग येतो, मामा. आयुष्यात एकदा नियमाने वागलो, तर ही शिक्षा.

प्रकृतीची काळजी घ्या.

तुमचा भाचा,
आलोशियस

ता. क. एक काम होतं. सालोमीने मला बळेच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कान ठणठणीत असल्याचं त्यांनी लिहून दिलंय. ती औषधाच्या दुकानात गेली तेवढ्यात मी तो कागद खिशात घातला आणि तिला अहवाल आठवड्याने मिळेल असं सांगितलं. तुम्ही तिला चार ओळी लिहाल का, की तुमच्या, म्हणजे माझ्या आईकडच्या घराण्यात साठीच्या आसपास कमी ऐकू यायला लागतं? धर्मगुरूंच्या अक्षरावर ती शंका घेणार नाही.

ता. क. २. घंटा मी पहिल्या ठोक्यालाच ऐकली. शिट्टी ओठांत होती, फक्त फुंकायची होती. पण मनात आलं, आता फुंकली तर तो कोच म्हणेल, देवाचं निमित्त करून नातवाला वाचवला. लोक काय म्हणतील म्हणून मी डोळे मिटलेल्या पोरावर गोल होऊ दिला. पत्रातून पापनिवेदन होत नाही हे मला माहीत आहे. जॅक्सनने मला एकदाच विचारलं, आजोबा, तुम्हाला घंटा खरंच ऐकू आली नाही? मी नाही म्हटलं. त्याने लगेच विश्वास ठेवला. गल्लीतली पोरं माझ्यावर हसली तर तो त्यांच्याशी भांडतो. सध्या त्याला सुट्टी आहे. रोज बाराला घंटा झाली की खेळ टाकून धावत येतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि कानाशी ओरडतो, "आजोबा, घंटा झाली!" मग मी दचकल्यासारखं करतो आणि हात जोडतो.