कुंपणाच्या आतलं गवत

६ ऑक्टोबर
दोन काचा गेल्या! गवत कापायच्या यंत्राखालून दगड उडाले ते सरळ सोलर पॅनलवर. वडूजकडचं हे रान म्हणजे माती कमी, दगड जास्त. यंत्र बंद करायला लावलं. आणि गवत खालच्या ओळीवर सावली पाडतंय, वीज रोज थोडी कमी.
पुण्याच्या ऑफिसातून जयराज सरांचा फोन — "तणनाशक मारून टाक, विषय संपला." साइटची प्रमुख मी, पण मला न विचारताच ड्रम येऊन पडलाय.

८ ऑक्टोबर
आईला फोनवर सांगून बसले. सांगलीहून सरबत्ती! "चातुर्मासात औषध मारणार तू? त्या गवतात किती जीव असतील!" नोकरी आहे, म्हटलं. पण ड्रमचं सील काही माझ्याच्यानं तोडवेना. आई इथं नसली तरी असतेच, वैताग नुसता.

९ ऑक्टोबर
कुंपणापाशी नाथाजी आले. धनगर, सत्तरीचे, शंभरेक मेंढरं. प्लांट व्हायच्या आधी त्यांचा कळप इथंच चरायचा. "आवं म्याडम, तुमाला गवात नगं हाय. आमाला द्या की."
दरवर्षी दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जातात. यंदा गुडघे गेलेत. "हितं चारा गावला तर ऱ्हातो. न्हाईतर मेंढरं इकायची."
मी हो म्हणून टाकलं. सरांना विचारलंच नाही!

१२ ऑक्टोबर
मेंढरं किती शहाणी. पॅनलखाली मान घालून चरतात, वर बघतसुद्धा नाहीत.
कळपात एकच शेळी — चंद्री, कपाळावर पांढरा ठिपका. मेंढरांत शेळी कशाला? नाथाजी हसले. "आय मेलेल्या कोकराला कोन पाजनार? मेंढी दुसरीचं प्वार घेत न्हाई. ही समद्यांची आय." दोन कोकरं तिला लुचत होती आणि ही निवांत माझ्या ओढणीचं टोक चघळत होती. मला ती फार आवडली.

१३ ऑक्टोबर
सकाळीच सरांचा फोन — "ब्राह्मी, कॅमेऱ्यात पॅनलवर काय उभंय?"
चंद्री! अगदी वरच्या कडेला, चारी पाय जुळवून. मला इतकं हसू आलं की फोन बाजूला धरावा लागला. सरांना आलं नाही. मेंढरं बंद, परवा फवारणी.

१४ ऑक्टोबर
सरांशी फोनवर तासभर भांडले. तोडगाही मीच काढला — मेंढरं चढत नाहीत, शेळी चढते. 'कळपात एकही शेळी नसेल.' हे कलम मी स्वतः टाइप केलं. सर तयार! वर्षभराचा करार.
नाथाजींना वाचून दाखवलं. "एक बी न्हाई?" एकही नाही, म्हटलं.  "बरं" म्हणून त्यांनी अंगठा दिला.

१५ ऑक्टोबर
फवारणी रद्द!!

१९ ऑक्टोबर
गवत घोट्याएवढं राहिलंय. वीज पुन्हा पहिल्यासारखी. सरांनी वरच्या साहेबांना कळवलं म्हणे — माझ्या नावानं, आश्चर्यच. आई तर हवेत. "केवढे जीव वाचवलेस गं!" खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटतोय. दिवाळीला उद्या घरी.

२७ ऑक्टोबर
कालच परत आले. सकाळी नाथाजींना विचारलं, चंद्री घरी आहे ना?
"घरी कोन हाय तिचं बघाया? आमचं घर म्हंजी ह्यो कळप. बाजारात दिली." कुणाला? "खाटकाला. दुसरं कोन घ्येतंय म्हातारी शेळी? तुमीच वाचून दावलं न्हवं, एक बी न्हाई." रागानं नाही बोलले, मी विचारलं म्हणून सांगितलं. दोन कोकरांतलं एक परवा गेलं. दुसरं बाटली तोंडात धरत नाही.
ड्रम स्टोअरमध्ये तसाच आहे. सील मी तोडलेलं नाही.