गैरसमजांचं प्रकरण

सर, परवा तुमच्या मुलाचा फोन आला होता. अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासावरचं तुमचं पुस्तक तो नव्यानं छापून घेतोय. "तुम्ही बाबांच्या लाडक्या विद्यार्थिनी, प्रस्तावना तुम्हीच लिहा," म्हणाला. त्याला काहीच माहीत नाही, तेव्हा त्याच्यावर कसली चिडू? "बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुमच्याबद्दल चारचौघांत बरं बोलायची सवय मला आता इतकी झालीय, की प्रस्तावना तासाभरात लिहून झाली असती. कागद काढला, आणि त्यावर हे उतरायला लागलं.

एम. ए.च्या पहिल्या वर्षाला तुम्ही वर्गात मजकूर सांगताय आणि आम्ही उतरून घेतोय. इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. मी हात वर केला. "सर, कर वाढला नव्हता. चहा उलट स्वस्त झालेला. राग होता तो एकाच कंपनीला मक्ता दिला म्हणून, आणि आम्हाला न विचारता कर लावणारे तुम्ही कोण म्हणून." वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. "कुठे वाचलंस?" मी ग्रंथालयातल्या पुस्तकाचं नाव सांगितलं. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "तुमच्याकडच्या मुली एवढं वाचतात?" आमच्याकडच्या म्हणजे विठ्ठलवाडीच्या, असं मी समजून घेतलं. तसंच समजायचं ठरवलं. कारण पुढचं वाक्य होतं, "रविवारी घरी ये. मी एक पुस्तक लिहितोय."

वर्षभर मी रविवारी तुमच्या डोंबिवलीच्या घरी येत होते. बाहेरच्या खोलीत तुमचा मुलगा दहावीचा अभ्यास करायचा, म्हणून आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. काकू एका कोपऱ्यात भाजी निवडत बसायच्या आणि अकरा वाजता मला थालीपीठ वाढायच्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. "परीक्षेत मुलं त्याच त्याच चुका करतात, त्यावर एक प्रकरण हवं. ते तू कर," असं तुम्ही म्हणालात, आणि मी जीव टाकून केलं. ती भूमी रिकामी नव्हती, तिथे माणसं शेती करत होती, गावं वसवून राहत होती. धर्मासाठी आलेले इंग्रज काही पहिले नव्हते, त्यांच्या आधी नफ्यासाठी आलेले व्हर्जिनियात उतरले होते. सगळ्या वसाहतवाल्यांना स्वातंत्र्य हवं होतं असंही नाही. आणि गुलाम फक्त दक्षिणेत नव्हते, न्यूयॉर्कमध्येसुद्धा माणसं विकली जायची. चूक काय, बरोबर काय, पुरावा कुठे, अशी बेचाळीस पानं मी हातानं लिहिली. बाबांची कंपनी तेव्हा बंद पडलेली. आई म्हणायची, "लिही बाई, सरांच्या ओळखीनं कुठेतरी चिकटशील."

त्यातली दोन पानं एका बाईवर होती, आठवतंय? मॅसॅच्युसेट्समधली गुलाम बाई. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात, असं कायद्यात लिहिलंय हे तिच्या कानावर आलं आणि ती वकिलाकडे गेली: मग मी कोण? तिनं खटला भरला आणि जिंकला. ती दोन पानं मी तीनदा लिहून काढली. तुम्ही दोन्हींवर तिरकी रेघ मारलीत. "हे परीक्षेसाठीचं पुस्तक आहे, कादंबरी नव्हे." मी म्हटलं, "सर, पण हे खरंय." तेव्हा तुम्ही वैतागून बोललात, "तुम्हा लोकांना जिकडे तिकडे तेच दिसतं." काकूंचे हात भाजीत थांबले. माझी मान खाली गेली. त्या दिवशी थालीपीठ मी पानात टाकून उठले.

तरी पुढच्या रविवारी आले. लाज वाटते सांगायला, पण आले. पुस्तक छापायला गेलं तेव्हा मी विचारलं, "प्रकरणाखाली माझं नाव येईल ना?" तुम्ही मायेनं हसलात. "अगं, दोन नावं असली की प्रकाशक कटकट करतो. तुझं पुढे सगळं आयुष्य पडलंय." आणि शेवटची प्रुफं माझ्याच हातात दिलीत. मी ती घरी नेली आणि तीन दिवसांत तपासून आणून दिली. पुस्तक आलं त्या दिवशी पहिली प्रत तुम्ही मलाच दिलीत, आत सुंदर अक्षरात लिहून: 'अभ्यासू विद्यार्थिनीस, सस्नेह भेट.' माझीच बेचाळीसातली चाळीस पानं, मलाच सस्नेह. विठ्ठलवाडीला आईनं ती प्रत सगळ्या शेजाऱ्यांना दाखवली. माझं नाव आत कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी काय सांगणार होते?

मग दोन वर्षांनी ठाण्याच्या कॉलेजातली ती मुलाखत. समितीत टेबलापलीकडे तुम्ही बसलेले, आणि मला केवढा धीर आला होता, सर! बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तुमचंच पुस्तक उघडलं. गैरसमजांवरचं प्रकरण फार उत्तम झालंय, असं तुमच्याकडे बघून म्हणाले. तुम्ही मान तुकवलीत. मग त्यांनी मला विचारलं, "उत्तरेकडच्या वसाहतींत गुलामगिरी होती?" मी म्हटलं, होती, आणि पाच मिनिटं सलग बोलले. त्यांनी पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. "इथे तर लिहिलंय, उत्तरेकडील वसाहतींत गुलामगिरी नव्हती." मूळ वाक्य होतं, 'गुलामगिरी नव्हती, हा गैरसमज आहे.' शेवटचे तीन शब्द छापताना गळलेले. मी तुमच्याकडे बघितलं. एकदा, फक्त एकदा म्हणा, की हे प्रकरण हिचं आहे. तुम्ही घसा साफ केलात आणि म्हणालात, "मुद्रणदोष आहे तो. प्रुफं हिनंच तपासली होती." अध्यक्ष हसले. "मग बाई, जरा लक्ष द्यायला हवं होतं."

त्या पुस्तकाच्या संदर्भात माझं श्रेय तेवढं एकदाच जाहीर झालं. मी बाहेर पडले आणि चालत टेंभी नाक्यापर्यंत आले. देवीच्या मंडपाचे बांबू उभे करत होते. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, कुणीतरी गेलंय घरातलं. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. मी दिवा स्टेशनजवळच्या एका शाळेत लागले, आजही तिथेच आहे. सुट्टीच्या दिवशी एम. ए.च्या मुली घरी येतात. तुमचं पुस्तक घेऊनच येतात.

इतकी वर्षं मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. नवऱ्याला, मैत्रिणींना, बहिणीला. प्रत्येकानं तुम्हाला शिव्या दिल्या आणि मी त्या दिल्या जाऊ दिल्या. पण दर वेळी एक गोष्ट मी गाळली. प्रुफं वाचताना ते वाक्य मला दिसलं होतं. लाल पेन हातात होतं. काय गळलंय, हेही तिथल्या तिथे कळलं होतं. वाटलं, नाव तुमचं ना, मग चूकही तुमची असू दे. मी पान उलटलं. तेव्हा मुलाखतीत तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत, सर. अर्धं खरं बोललात, आणि उरलेलं अर्धं तुम्हाला माहीतच नव्हतं. म्हणून मी तुम्हाला माफ केलंय असं मात्र समजू नका.

तुमच्या मुलाला अजून काही कळवलेलं नाही. प्रस्तावना लिहायची की नाही, ठरत नाही. हे पत्र तर कुणाला द्यायचं? कालच एका मुलीनं उत्तरात ते वाक्य जसंच्या तसं लिहून आणलं. मी खोडलं. तिनं पुस्तक पुढे केलं, "पण मॅडम, ह्यात असंच दिलंय की!"

मी म्हटलं, "छापखान्याची चूक आहे गं ती."