कुलेनबेक कोणास म्हणावे

१२ जुलै १९७६, सोमवार

आजोबा फरारी नव्हते. ते १८४५ साली आले नाहीत. १८४७ साली आले. त्यांचे जहाज ब्रेमेनहून निघाले, हाम्बुर्गहून नव्हे. आणि त्यांनी 'खोटे नाव धारण' केले नव्हते. एवढ्या चुका नॉर्माने पहिल्याच पानावर केल्या आहेत, आणि त्याही अशा वाक्यांत की ज्यांचा कर्ता शोधायला कंदील घेऊन निघावे लागते.

नॉर्मा माझी पुतणी. यंदा अमेरिकेला स्वतंत्र होऊन दोनशे वर्षे झाली म्हणून घरोघरी पूर्वज शोधण्याची साथ पसरली आहे. पंधरा ऑगस्टला आम्हा कुलेनबेकांचे संमेलन भरणार. त्यासाठी बाईंनी पुस्तिका छापली. तीत लिहितात — "फ्रीड्रिख झुडब्राक या नावाने तो जहाजावर चढला आणि मिसुरीत आला तो फ्रीड्रिख कुलेनबेक होऊन. सैन्यातून पळालेला, किंवा त्याहून वाईट काही केलेला माणूसच असे करतो."

त्याहून वाईट काही! मेलेला माणूस अब्रूनुकसानीची फिर्याद लावू शकत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच हे धैर्य.

फोन केला.

"काका, जहाजाच्या यादीची प्रत आहे माझ्याकडे. मी काय मनानं लिहिलं?"

"मग तो झुडब्राक दुसरा कोणी."

"गाव तेच, वय तेच, धंदा तोच?"

"यादी लिहिणारा कारकून प्यायलेला असेल."

"हे तुमचं उत्तर दुसऱ्या आवृत्तीत छापू का?" वर हसली.

१९१८ साली मी आमच्या चर्चच्या शाळेत बावीस वर्षांचा मास्तर होतो. जर्मनीशी युद्ध चालले होते. शाळेच्या दारावर कोणी देशद्रोह्याची खूण म्हणून पिवळा रंग फासला, जर्मन शिकवणे बंद झाले, आणि गावातील तिघे येऊन म्हणाले — नाव बदला, कूलबेक करा, कूपर करा, निदान इथले वाटेल असे काही करा. बाकीच्यांनी बदलले. मी बदलले नाही. शाळा गेली, नाव राहिले. ते नाव फरारी माणसाने कुठून तरी उचलले होते, असे आता सगे-सोयरे बटाट्याचे सॅलड खाता खाता वाचणार.

१३ जुलै

पुस्तिकेतील व्याकरणाच्या चुकांवर खुणा करणे अकराव्या पानावर सोडून दिले. पेन्सिल संपली.

१७ जुलै, शनिवार

पाथरवट लिओने दगडाचा आराखडा पाठवला. दफनभूमीत ग्रॅनाइटचा दगड बसायचा आहे. त्यावर शेत ज्यांनी क्रमाने सांभाळले त्यांची नावे. 'तारखा मास्तरांनी तपासाव्यात' असे लिओने खाली लिहिले आहे. योग्य माणसाला विचारले.

नावे चार. फ्रीड्रिख, माझे आजोबा. हर्मन, माझे वडील. ओटो, म्हणजे मी. आणि डेल्बर्ट कुलेनबेक.

चौथ्या नावातील आडनाव मी निळ्या पेन्सिलीने खोडले आणि वर 'टिमरमन' लिहिले.

माझ्या मनात आकस नाही. डेल्बर्ट हा माझ्या दिवंगत पत्नीचा, आल्माचा, पहिल्या लग्नाचा मुलगा. तिचा पहिला नवरा टिमरमन न्यूमोनियाने गेला. मी तिच्याशी लग्न केले तेव्हा डेल्बर्ट पाच वर्षांचा होता. शाळेत कोणी तरी त्याला कुलेनबेक लिहिले, पुढे सैन्यानेही तेच लिहिले, बँकेनेही. दत्तकविधान कधी झाले नाही. आज शेत तोच करतो, आणि उत्तम करतो. परंतु उत्तम शेती करणे म्हणजे कुलेनबेक असणे नव्हे. दगडावर खरे असेल तेच कोरले पाहिजे. कागदावरची चूक मागाहून खोडता येते. ग्रॅनाइटवरची कोण खोडणार?

१९ जुलै

डेल्बर्ट आला. रोज सकाळी गाईंचे आटोपून तो कॉफीला येतो. आज खुर्चीवर बसला नाही.

"लिओ भेटला मला."

"बरे झाले."

"पापा, ते तुम्हीच केलंत?"

"मी दुरुस्ती केली. तुझा जन्म टिमरमनांच्या घरचा आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही."

"लाजतंय कोण?" टोपी हातात फिरवत राहिला. "शेहेचाळीस वर्षांचा झालो. आता गावात कोणी टिमरमन म्हणून हाक मारली, तर मी वळूनसुद्धा बघणार नाही."

"ती सवयीची गोष्ट झाली. मी वस्तुस्थितीविषयी बोलत आहे."

"हां." मग म्हणाला, "वरच्या कुरणाचं कुंपण पडलंय. वस्तुस्थिती आहे. जातो."

कॉफी तशीच राहिली. उद्धटपणाची ही नवी तऱ्हा — आवाज न चढवता.

२६ जुलै

एक आठवडा डेल्बर्ट कॉफीला आलेला नाही. दूध त्याची बायको विल्मा आणून ठेवते आणि 'गुड मॉर्निंग, पापा' एवढेच म्हणते, जणू मी पोस्टमास्तर आहे.

१ ऑगस्ट, रविवार

आज चर्चनंतर विल्माने गाठले. एरवी ही बाई माझ्याशी आवाज खाली ठेवून बोलते.

"त्यानं लिओला सांगून टाकलंय, माझं नावच घालू नको म्हणून. टिमरमन नको नि कुलेनबेकही नको."

"ती त्याची मर्जी."

"आणि काल टिमरमनांच्या दफनभूमीत जाऊन आम्हा दोघांसाठी जागा बघून आला."

मी म्हणालो, ती तर नदीपलीकडे आहे.

"माहीत आहे मला कुठे आहे ते. तिथल्या लोकांनी विचारलं, तुम्ही कोण? सांगताना त्याचीच पंचाईत झाली." मग आमच्या दफनभूमीकडे हात केला. "सासूबाई इथे आहेत, पापा. मुलगा जवळ असावा म्हणून त्यांनी शेजारची जागा राखून ठेवायला लावली होती. तुमच्यासमोर. आता ती कोणाला देऊ? नॉर्माला?"

पास्टर हात मिळवायला आले म्हणून संभाषण तिथेच तुटले. घरी येताना मोटारीत मी माझीच बाजू मोठ्याने मांडून पाहिली. निर्दोष होती. तरी संताप उतरेना.

४ ऑगस्ट

नॉर्माने नवा प्रताप केला. जर्मनीतल्या कुलेनबेकांच्या मूळ शेतावर तिने पत्रे पाठवली होती. तिकडून एव्हाल्ड कुलेनबेक नावाचे गृहस्थ संमेलनासाठी येऊन थडकले आहेत. एकाहत्तर वर्षांचे, एकटे. उतरायला कुठे? "काका, तुमच्याकडे तीन खोल्या रिकाम्या आहेत, आणि जुनी बोली तुमच्याशिवाय इथे येते कोणाला?"

खोल्यांबद्दल मला विचारले गेले नव्हते. बोलीबद्दल मात्र तिचे म्हणणे खरे आहे.

५ ऑगस्ट

एव्हाल्ड बोलतात ती आजी लुइझची बोली. आजी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तेव्हापासून ते शब्द इतक्या सहज कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. लिव्हर सॉसेज चाखून म्हणाले, "मीठ कमी. पण आमचंच आहे." कोठारापाशी डेल्बर्टशी त्यांची गाठ पडली. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही; तरी तासभर डुकरांपुढे उभे राहून खाणाखुणांनी बोलत होते.

संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर मी पुस्तिका त्यांच्यापुढे टाकली. फरारी माणसाचा भाग बोलीत उतरवून वाचून दाखवला. म्हटले, आता तुम्हीच साक्ष द्या — कुलेनबेकांच्या घरात असा कोणी फरारी झाला होता का?

गृहस्थ हसू लागले. डोळे पुसेपर्यंत हसले.

"मास्तर, तुमच्या पुतणीचं नाव बरोबर, गणित चुकलं. तो झुडब्राकच होता."

मी पुस्तिका मिटली.

"आमच्याकडे नाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. जो शेतावर लग्न करून येतो त्याला शेताचं नाव लागतं. चर्चमधून बाहेर पडला की कुलेनबेक. शेत काय माणसासाठी नाव बदलणार?"

मग सगळे सांगितले. कुलेनबेक शेताची वारस एक बाई होती — विधवा, पदरी आठ वर्षांचा मुलगा. फ्रीड्रिख झुडब्राक हा शेजारच्या गावचा, जमीन नसलेला. तिने १८३४ साली त्याच्याशी लग्न केले. करार असा की मुलगा कर्ता होईपर्यंत फ्रीड्रिखने शेत राखायचे, आणि मग त्याच्या हाती द्यायचे. त्यांचे स्वतःचे मूल झाले नाही. १८३६ साली त्याने घर नव्याने बांधले. बाई १८४३ साली वारली. पुढे चार वर्षे एकट्याने शेत करून, १८४७ च्या वसंतात, त्याने पोराला गोठ्यात नेले, किल्ल्या दिल्या आणि अमेरिकेला निघाला.

"तो पोरगा म्हणजे माझे आजोबा. म्हणायचे, सख्ख्या बापानं नांगर दाखवला असता. यानं मला मालक केला. जाताना जहाजावर आपल्या बापाचं आडनाव लिहिलं असेल त्यानं. शेत सोडलं होतं ना? शेताचं नाव कसं लावायचं? सरळ माणूस."

"मग इकडे येऊन पुन्हा कुलेनबेक कसा झाला?"

"गावची माणसं होती ना आधी आलेली. ती तिकडे ज्या नावानं हाक मारत होती, त्याच नावानं मारत राहिली. तो तरी किती जणांना दुरुस्त करणार?"

घराच्या मोठ्या दारावरील तुळईचे छायाचित्र त्यांनी पाकिटातून काढून दाखवले. ओकच्या लाकडात कोरलेले — बाईचे नाव, शेजारी 'फ्रीड्रिख कुलेनबेक, जन्माने झुडब्राक', खाली १८३६. अक्षरे सुबक. चूक एकही नाही.

६ ऑगस्ट

आजी लुइझ तर इथली. आजोबांशी तिचे लग्न १८४९ साली इथे झाले. म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगात त्या शेताचे रक्त थेंबभरही नव्हते. माझ्याही नाही.

मला आधी कोणी सांगितले का नाही? आजीने सांगितले नाही. वडिलांनी सांगितले नाही. त्यांना ठाऊक असून सांगण्याजोगे वाटले नाही, की सर्वांना ठाऊकच असेल असे वाटले? दोन्ही अक्षम्य. माणसाला ऐंशी वर्षे एक सही करू द्यायची, तिच्यापायी नोकरी जाऊ द्यायची, आणि मग परक्या गृहस्थाने ओसरीवर बसून हसायचे!

नॉर्माला कळवले की ती फरारी माणसाबद्दल चुकली आणि झुडब्राकबद्दल मी चुकलो. तिला फक्त दुसरे वाक्य ऐकू आले.

७ ऑगस्ट

एव्हाल्डने रात्रीच्या जेवणाला डेल्बर्ट आणि विल्माला बोलावून घेतले. माझ्या घरी, मला न विचारता. तिकडून येणाऱ्यांचा हा गुण नॉर्मातही उतरलेला दिसतो, रक्ताचा संबंध नसताना.

आंबवलेली कोबी वाढताना एव्हाल्ड म्हणाले, याला सांगा. मी कशाला सांगू? तेव्हा त्यांनी स्वतःच सुरुवात केली — बोटाने मला दाखवले, मग डेल्बर्टला, मग खिडकीबाहेरचे शेत, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले. अशा मूकनाट्यावर इतिहास सोपवणे मला सहन होईना. मी भाषांतर केले. पूर्ण केले, तारखांसकट.

डेल्बर्टने काटा खाली ठेवला.

"म्हणजे कुलेनबेक आजोबा पण बाहेरूनच आलेले?"

"लग्न करून आलेले."

"मी आईच्या बोटाला धरून आलो. फरक एवढाच." जरा वेळाने, "आणि त्या पोराला शेत दिलं त्यांनी? आपलं नसताना?"

"करार होता."

"करार काय, लोक मोडतातही. नाही का?"

विल्मा ताटाकडे बघत होती. एव्हाल्ड कोणाच्या चेहऱ्यावरून काय कळते ते पाहत होते. मी म्हणालो, आजोबांनी मोडला नाही. बटाटे पुढे सरकवले गेले.

निघताना डेल्बर्ट दारात म्हणाला, "नदीपलीकडच्या जागेचे पैसे मी सोमवारी भरणार आहे, पापा. कळवलेलं बरं म्हणून सांगितलं." आवाज चढवला नाही.

८ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेलो नाही. दिवसभर राग कोणावर काढावा हे ठरवत होतो. नॉर्मा संपली, कारकून संपला, आजी संपली. लिओ राहिला होता. पण त्याने तर आराखड्यात चारही नावे बरोबर लिहिली होती.

९ ऑगस्ट, सोमवार

सकाळी सहा वाजता लिओच्या दारात उभा राहिलो, नंतर बँक उघडण्याआधी डेल्बर्टच्या. त्याला मजकुराची प्रत दिली. त्याने ती उभ्याने दोनदा वाचली आणि विल्माला कॉफी ठेवायला सांगितले. शेवटचा, तपासलेला मजकूर असा —

फ्रीड्रिख. जन्म १८१२, झुडब्राक. १८३४ पासून कुलेनबेक. अमेरिकेत १८४७. मृत्यू १८८९.

हर्मन कुलेनबेक. जन्म १८५८. मृत्यू १९३१.

ओटो कुलेनबेक. जन्म १८९६. पुढे जागा सोडावी.

डेल्बर्ट. जन्म १९३०, टिमरमन. १९३५ पासून कुलेनबेक.